नदीपलीकडच्यांसाठी लावलेलं घड्याळ

न्यूयॉर्कच्या समोर, हडसन नदीच्या न्यू जर्सीकडच्या काठावर असलेल्या जर्सी सिटीतल्या कोलगेटच्या घड्याळाकडे गावातून चालत गेलं की आधी त्याची पाठ दिसते. लोखंडी तुळया, तिरपे आधार, नटबोल्ट आणि भोवती कुंपण. वाजले किती ते तिथून कळत नाही. वळसा घालून नदीकाठच्या पायवाटेवर आलं, तर ते इतकं अंगावर येतं की मान पूर्ण मागे टाकावी लागते. नीट बघायचं असेल तर हडसन नदीत बोटीने शिरायला हवं, नाहीतर सरळ पलीकडे मॅनहॅटनला जायला हवं. घड्याळाचं तोंड पूर्वेकडे आहे. ज्या गावात ते उभं आहे त्या गावासाठी ते लावलेलंच नव्हतं.

आठ कोनांचं आहे आणि व्यास पन्नास फूट. लंडनच्या बिग बेनची तबकडी २३ फुटांची. म्हणजे हे तिच्या दुपटीहून मोठं. मिनिटकाटा २५ फुटांच्या आसपास. शाळेतला परिघाचा हिशेब केला तर या काट्याचं टोक दर मिनिटाला अडीच फुटांहून थोडं जास्त चालतं. तासाभरात दीडशे फुटांच्या वर. दिवसरात्र, पावसात, बर्फात, नदीवरून येणाऱ्या त्या झोंबऱ्या वाऱ्यात.

मी या भागात राहते. गावाच्या या टोकाला पॉलस हुक म्हणतात. विटांची जुनी बैठी घरं, त्यांच्या पायऱ्या, एकमेकांना काटकोनात छेदणारे अरुंद रस्ते आणि त्या सगळ्याच्या डोक्यावर काचेचे टॉवर. १७७९ साली इथे इंग्रजांच्या गढीवर अमेरिकन सैन्याने रात्रीचा छापा घातला होता. १८१२ मध्ये रॉबर्ट फुल्टनने इथून मॅनहॅटनला वाफेची फेरीबोट सुरू केली. नदी ओलांडायची जागा, हीच या टोकाची खरी ओळख. घड्याळही नदी ओलांडणाऱ्यांसाठीच आलं.

विल्यम कोलगेट मूळचा इंग्लंडचा. लहानपणी घरच्यांबरोबर अमेरिकेत आला आणि १८०६ मध्ये न्यूयॉर्कच्या डच स्ट्रीटवर त्याने साबण, मेणबत्त्या आणि स्टार्चचा धंदा मांडला. टूथपेस्ट फार पुढची गोष्ट. धंदा वाढला तशी मॅनहॅटनमध्ये जागा पुरेना आणि १८४७ मध्ये साबणाचं काम नदीच्या या काठावर आलं. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं पॉलस हुकचा मोठा भाग कोलगेटच्या इमारतींनी व्यापलेला होता. चरबी उकळायची, सुगंध मिसळायचे, वड्या पाडायच्या, खोक्यांत भरायच्या आणि पलीकडे पाठवायच्या. आता इथून चालताना कॉफीचा वास येतो. तेव्हा चरबी आणि अत्तर यांचा मिळून काय वास येत असेल, याचा मी अनेकदा विचार करते.

घड्याळ अष्टकोनी का, याचं उत्तर साबणातच आहे. 'ऑक्टॅगन' नावाचा कपडे धुण्याचा साबण कंपनीचा चांगला खपणारा माल होता. त्याची वडीच आठ कोनांची. वेष्टनं जमवून द्यायची आणि बदल्यात भेटवस्तू घ्यायच्या, असा घरोघरीचा व्यवहार त्यावर चालायचा. कंपनीला शंभर वर्षं झाली त्या सुमारास सेथ थॉमस या घड्याळ कंपनीकडून एक अवाढव्य घड्याळ करवून घेतलं, त्याला या वडीचा आकार दिला आणि ते कारखान्याच्या छपरावर नदीकडे तोंड करून बसवलं. ते जवळपास चाळीस फुटांचं होतं. मग तेही कमी वाटलं. १ डिसेंबर १९२४ रोजी आजचं पन्नास फुटी घड्याळ सुरू झालं. ते चालू करायला महापौर फ्रँक हेग आले होते. हे गृहस्थ १९१७ ते १९४७ अशी सलग तीस वर्षं या गावाचे महापौर होते आणि त्यांच्या शब्दाबाहेर गावात पान हलत नसे.

१९२४ साल लक्षात ठेवायला हवं. नदीखालून मोटारी नेणारा हॉलंड बोगदा १९२७ मध्ये सुरू झाला. नदीखालच्या आगगाड्या आधीच धावत होत्या, तरी माणसांचे लोंढे अजून बोटींनी ये-जा करत होते. या काठावर एकाशेजारी एक रेल्वे कंपन्यांची टर्मिनस होती. न्यू जर्सीतून आगगाडीने यायचं, धक्क्यावर उतरायचं, फेरी पकडायची, मॅनहॅटनमध्ये कामाला जायचं आणि संध्याकाळी उलट. परतीच्या बोटीत उभा असलेला माणूस समोर बघणार, आणि समोर हे. त्याच्यावर कंपनीचं नाव. शेवटची गाडी सापडेल का, हे पाहायला वर बघायचं आणि बघताना साबण आठवायचा. जाहिरात होती, यात लपवण्यासारखं काही नाही. पण जाहिरात करायची तर लोकांना रोज लागणारी गोष्ट फुकट द्यावी, हे ज्याला सुचलं त्याला मी मानते. बोटवाले, बंदरातले हमाल, पलीकडच्या कचेऱ्यांतले कारकून, सगळ्यांनी या घड्याळाचा वेळ वापरला आणि त्यासाठी कुणाला साबण विकत घ्यावा लागला नाही.

बाबा लालबागहून इथे राहायला आले तेव्हा त्यांना मी सगळ्यात आधी इथे घेऊन गेले. ते मिलमध्ये फिटर होते. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा त्यांनी लांबूनच बघितला, 'छान आहे' म्हणाले आणि विषय संपला. घड्याळापाशी मात्र ते कुंपणाला धरून उभेच राहिले. आधी मागच्या बाजूने. तुळया कुठे जोडल्यात, भार कुठे उतरवलाय, ते बोट करून मला दाखवत होते.

"याचं तोंड तिकडे कशाला केलंय?"

"पलीकडच्यांना दिसावं म्हणून, बाबा."

"आणि इकडच्यांनी काय करायचं?"

मग पुढच्या बाजूला आलो. त्यांनी मनगटावरचं एचएमटी आणि वरचा काटा यांचा मेळ घातला. पुढे म्हणाले, "आता हा काटा बघ. सव्वाला असतो तेव्हा स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो, यंत्राला काही करावं लागत नाही. पाऊणला आला की तेच वजन वर चढवायचं असतं. एवढ्या लांब काट्याला तो जोर मोठा. मागे समतोलाचं वजन दिलं असणार, नाहीतर यंत्र कधीच बसलं असतं." एवढं सांगून ते गप्प राहिले आणि काट्याच्या टोकावर नजर लावली. वरची एक तुळई त्यांनी खूण म्हणून धरली होती. टोक तिच्याजवळ आलं, तिच्या रेषेत आलं, तिला ओलांडून गेलं. हातातल्या घड्याळात मिनिटकाटा सरकताना आपल्याला कधी दिसत नाही. इथे त्याला ढळढळीत जागा बदलताना बघता येतं. बाबांनी मला तसं दोन-तीनदा बघायला लावलं. कामावर पहिल्याच दिवशी आलेल्या पोराला शिकवावं, तशा स्वरात.

"कारखाना कुठाय?" त्यांनी विचारलं.

"पाडला. ऐंशीच्या दशकात बंद केला."

"आणि कामगार?"

त्यांनी हा प्रश्न विचारावा, हे साहजिकच होतं. १९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, आणि त्यातल्या ज्यांना पुन्हा आत जाता आलं नाही त्यांत बाबा होते. नंतर त्यांनी मिळतील ती कामं केली. त्यांची गिरणी आता नाही. चिमणी तेवढी ठेवलीय, टॉवरांच्या मधोमध, खालून रोषणाई करून. तिच्यासमोर लोक फोटो काढतात.

जर्सी सिटीची कथा तपशिलात वेगळी आहे. इथे संपामुळे कारखाना गेला नाही. उत्पादन दुसरीकडे हलवणं कंपनीला परवडत होतं, आणि या काठावरचे रेल्वेचे यार्ड, धक्के, गोदामं आधीच ओस पडत चालली होती. १९८३ मध्ये घड्याळाजवळच्या 'सोप्स, परफ्यूम्स' या जुन्या अक्षरांच्या जागी टूथपेस्टच्या ट्यूबची पाटी लागली. मग १९८५ मध्ये कारखाना बंद करायचं जाहीर झालं आणि ते दशक संपायच्या आत काम थांबलं. इमारती पाडल्या. छपरच राहिलं नाही तेव्हा घड्याळ खाली जमिनीलगत आणलं गेलं. ट्यूबही गेली. कारखान्याच्या जमिनीवर २००४ मध्ये गोल्डमन सॅक्सचा ७८१ फुटी टॉवर झाला, आणि बराच काळ न्यू जर्सीतली सगळ्यात उंच इमारत म्हणून तो मिरवला. २०१३ मध्ये घड्याळ थोडं दक्षिणेला हलवून नव्याने बसवलं आणि दिवे एलईडीचे केले.

कारखाना बंद पडत होता त्याच काळात या गावात आपल्या लोकांवर हल्ले होत होते, हे इथल्या मराठी घरांत अजून सांगितलं जातं आणि सांगितलं जावं. न्यूअर्क अव्हेन्यूवर, जर्नल स्क्वेअरजवळ, तेव्हा भारतीय वस्ती आणि दुकानं वाढू लागली होती. १९८७ मध्ये 'डॉटबस्टर्स' असं नाव घेतलेल्या टोळीचं धमकीचं पत्र 'जर्सी जर्नल' या गावच्या वर्तमानपत्रात छापून आलं. 'डॉट' म्हणजे बायकांच्या कपाळावरचं कुंकू. हिंदू दिसला, बाई असो की पुरुष, तर मारू, असा त्याचा सूर. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोझ मोदी या तरुणाला मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. आज त्याच न्यूअर्क अव्हेन्यूवर नवरात्रात रस्ता बंद करून गरबा होतो, पोहे-साबुदाण्यापासून गोडा मसाल्यापर्यंत सगळं मिळतं, आणि माझ्या वयाची नवी माणसं त्या वर्षांबद्दल काही न ऐकता तिथे पिशव्या भरून घेतात. ती वर्षं कशी काढली हे ज्यांना माहीत आहे, त्यांना विचारायला हवं. ते आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत.

'जर्सी जर्नल'च्या इमारतीवरही एक घड्याळ होतं. ३० जुलै १९१६ च्या रात्री बंदरातल्या ब्लॅक टॉम इथे दारूगोळ्याच्या साठ्यात जर्मन हेरांनी स्फोट घडवला. एक तुकडा मैलभराहून जास्त उडत येऊन त्या घड्याळाला लागला आणि ते दोन वाजून बारा मिनिटांवर थांबलं. त्याच स्फोटात स्वातंत्र्यदेवीच्या मशालीचा हात असा काही दुखावला की आजतागायत तिथवर पर्यटकांना चढू देत नाहीत. ते वर्तमानपत्रही २०२५ च्या फेब्रुवारीत बंद पडलं. गावाची रोजची नोंद ठेवणारी ती एक जागा गेली, याचं मला खरंच वाईट वाटतं. पुढे कुणाला कोलगेटच्या कामगारांविषयी शोधायचं झालं तर त्याच पानांत शोधावं लागेल.

बाबांच्या प्रश्नामुळे मला एक गोष्ट कळली, आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. घड्याळ कारखान्याच्या छपरावर होतं, नदीकडे तोंड करून. म्हणजे खाली साबणाच्या कढईशी उभ्या असलेल्या माणसाला, वड्या गुंडाळणाऱ्या बाईला ते कामाच्या वेळात दिसतच नव्हतं. ज्यांच्या तासांवर तो कारखाना चालला, त्यांच्या डोक्यावर जगातल्या सगळ्यात मोठ्या घड्याळांपैकी एक होतं आणि त्यातली वेळ मात्र पलीकडचे बघत होते. गिरणगावातला भोंगा उलट होता. तो आतल्यांसाठी वाजायचा. पहाटेचा भोंगा झाला की चाळीत स्टोव्ह पेटायचे, कुणाचा नवरा पाळीवर निघाला आणि कुणाचा यायला झाला, हे कळायचं. आई त्यावर आमच्या शाळेची वेळ धरायची. भोंग्यावर कुठल्याही मालाचं नाव नव्हतं. तो बंद पडला तेव्हा तो जपून ठेवायला काही उरलंच नाही, कारण आवाज जपता येत नाही. घड्याळ दिसतं, म्हणून राहिलं.

याचा अर्थ मला घड्याळावर राग आहे असा कुणी काढू नये. मला ते अतिशय आवडतं. काचेच्या टॉवरांत इथे माणसाच्या हाताची खूण असलेली वस्तू फार थोडी उरलीय, आणि हे त्यातलं सगळ्यात मोठं. पहाटे पाचला कामाला निघणारे सफाई कामगार, कुत्री फिरवणारे, धावणारे, नदीकाठी डबा खाणारे बँकेतले लोक, सगळ्यांच्या दिवसात ते आहे. ११ सप्टेंबर २००१ ला दक्षिण मॅनहॅटनमधून सुमारे पाच लाख माणसं मिळेल त्या बोटीने नदीपार आणली गेली. त्यातली पुष्कळशी याच काठावर, पॉलस हुकच्या आसपास उतरली. धुळीने माखलेली ती माणसं ज्या काठाकडे येत होती त्या काठावर हे घड्याळ उभं होतं. त्या पिढीतल्या इथल्या लोकांशी बोलताना घड्याळाचा विषय निघाला की बोलणं हमखास त्या सकाळीपर्यंत जातं.

मला एवढंच हवंय की त्याच्यापाशी कामगारांचं काहीतरी असावं. कोणत्या वर्षी कोणती पाळी किती वाजता सुरू व्हायची, बायका कुठल्या खात्यात होत्या, पोलंड-आयर्लंड-इटलीहून आलेली कुठली कुठली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथे राबली. या गावात त्यांची नातवंडं अजून आहेत. हे आत्ता विचारलं नाही तर पुढच्या दहा वर्षांत विचारायला कुणी उरणार नाही. मुंबईत गिरणी कामगारांच्या आठवणी लोकांनी घरोघरी जाऊन लिहून घेतल्या, म्हणून आज निदान त्या तरी आहेत.

पहिल्या, चाळीस फुटी घड्याळाचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलं. कोलगेटने इंडियाना राज्यात क्लार्क्सव्हिल इथे एक जुना तुरुंग विकत घेतला होता. त्याच इमारतींत कारखाना केला, आणि जर्सीतलं घड्याळ काढून तिकडे छपरावर चढवलं. १९२४ च्या नोव्हेंबरात ते ओहायो नदीच्या काठी सुरू झालं. तिथेही तोंड नदीकडेच, पलीकडच्या केंटकीतल्या लुईव्हिल शहराकडे. तो कारखाना २००८ मध्ये बंद झाला. म्हणजे दोन नद्या, दोन काठ, दोन अष्टकोनी घड्याळं, आणि दोन्हीकडे खालचं काम संपलेलं. मला कधीतरी बाबांना घेऊन तिकडेही जायचंय. तुरुंगाचा कारखाना कसा केला असेल, हे ऐकल्यापासून त्यांना स्वस्थ बसवत नाही. "भिंती जाड, खिडक्या बारक्या. साबण वाळवायला हवा कशी आणली असेल?" असं ते लालबागहून फोनवर विचारतात. शिवडीलाही कोलगेटचा कारखाना होता आणि आमच्या चाळीतले काहीजण तिथे होते, हे सुद्धा त्यांनी त्या फोनवरच सांगितलं. लहानपणी पत्र्याच्या डब्यातली ती पांढरी पावडर तळहातावर घेऊन बोटाने दात घासताना डब्यावरचं नाव आम्ही रोज वाचलं होतं, पण ती शेजारच्या काकांच्या हाताखालून आली असेल, हे कधी कुणी बोललं नव्हतं.

तुमची मुलं इथे असतील, तुम्ही उन्हाळ्यात सहा महिने यायच्या बेतात असाल, तर एक करा. मॅनहॅटनमध्ये ब्रुकफील्ड प्लेसच्या धक्क्यावरून पॉलस हुकची फेरी घ्या. दिवेलागणीची वेळ उत्तम, कारण घड्याळाचे दिवे तेव्हा लागलेले असतात आणि मागचं आकाश अजून पूर्ण काळं झालेलं नसतं. वरच्या मजल्यावर, पुढच्या बाजूला उभे राहा. वारा फार असतो, कानटोपी असू द्या. प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा, पण १९२४ मध्ये ज्यांच्यासाठी ते लावलं त्यांना ते जसं दिसायचं तसं बघायचं असेल तर दुसरा मार्ग नाही. उतरल्यावर लगेच घरी जाऊ नका. दक्षिणेकडे चालत या, कुंपणापर्यंत, आणि मागची बाजूही बघून घ्या. बरोबर कुणी फिटर, टर्नर, वेल्डर असेल तर त्याला पुढे होऊ द्या आणि तो काय दाखवतो ते ऐका.